गच्चीवरचा उजेड

देव्हाऱ्यातली पंचारती हबीबनं उलटी करून पाहिली, बुडाला नख लावलं, वास घेतला आणि विचारलं, “ह्यात काय घालता?”

“तूप,” मी म्हटलं. “तुझ्या डोक्यात घालायला मात्र उरलेलं नाही.”

त्याच्याबरोबरचे दोघे बंदूकवाले एकमेकांकडं बघायला लागले. माझी फारसी बाजारातली, भाजीवाल्याशी आणि खाटकाशी घासाघीस करून शिकलेली. गोड बोलायला ती मला कधी जमली नाही, पण असलं बोलायला कमी पडली नाही.

आमचे हे खुर्चीची पाठ धरून उभे होते. अंगात कारखान्याचे कपडे, बाहीवर वाळलेला पाक. मराठीत हळूच म्हणाले, “वच्छा, तोंड आवर. पोरं भेदरलेली आहेत आणि हातात बंदुका आहेत.”

“भेदरलेली? माझ्या देवाला हात लावतात ती?”

“आगा चोगुले,” हबीब माझ्याकडं न बघता ह्यांना म्हणाला, “गच्चीवरून उजेड कुणाला दाखवता?”

ह्यांनी पटकन सांगितलं, “कसला उजेड? आमच्या घरातून उजेड-बिजेड काही नाही.”

मी तोंड उघडणार तोच ह्यांनी माझ्या पायावर पाय ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला बोट लावलं नव्हतं, आणि आता परक्या पोरांसमोर पाय दाबतो! मी गप्प बसले ती त्या आश्चर्यानं.

तो इराणातला काळ. शहा पळून गेल्याला वर्ष उलटून गेलं होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. त्यातली माणसं अजून तिथं असतील. दक्षिणेला नदीकाठी साखर कारखाना होता आणि आमचे हे तिथं पॅनमन, म्हणजे मोठ्या बंद कढईत साखर शिजवणारे. कोल्हापूरकडच्या कारखान्यातनं ह्यांना बोलावून नेलं होतं. दोन पोरं गावी सासूबाईंजवळ ठेवून मी ह्यांच्या मागं गेले. शहा गेला तसे कारखान्यातले गोरे गेले, मग आपले हिंदी लोकही एकेक करून बोचकी बांधून गेले. हे राहिले. उसाचा हंगाम तोंडावर होता आणि साखरेचा दाणा धरायला दुसरं कुणी नव्हतं. कामगार दारात येऊन म्हणाले, ‘आगा चोगुले, तुम्ही जाऊ नका.’ आगा म्हणजे साहेब. त्या कामगारांत हा हबीबही होता. आमच्या शेजारच्या मासुमे खानूमचा, म्हणजे मासुमेबाईचा, एकुलता एक. आता दंडाला क्रांतीच्या कमिटीची पट्टी बांधून तोच आमच्या घराची झडती घेत होता.

त्यांनी पंचारती नेली, ट्रान्झिस्टर नेला, भिंतीवरची दिनदर्शिका खिळ्यासकट उपटून नेली. आणि शेवटी ह्यांना नेलं. जाताना हे एवढंच म्हणाले, “गॅस बंद कर, दूध आहे वर.”

दूध उतू गेलं होतं. पुसायचंही मला सुचलं नाही. मागच्याच महिन्यात पंपांवरचा एक परदेशी इंजिनिअर असाच नेला होता. शाळेच्या हॉलमध्ये एका दुपारीत त्याचा खटला झाला. त्यानंतर तो माणूस कुणाला दिसला नाही. त्याचा टेबलफॅन आणि आरामखुर्ची तेवढी बाजारात विकायला आलेली मी पाहिली.

*

आमची गच्ची दिसायची ती फक्त मासुमेच्या गच्चीवरून. बाकी तिन्ही बाजूंना उंच भिंती. म्हणजे सांगणारं कोण, हे शोधायला मला कमिटी नको होती.

मासुमे म्हणजे माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, विधवा, अंगानं आडवी, चालताना गुडघ्यावर हात. मी नवीन होते तेव्हा तिनंच मला भाकरीसारखा त्यांचा नान कुठल्या भट्टीवर चांगला मिळतो ते दाखवलं. माझ्या चपात्यांना ती रुमाल म्हणायची आणि मी तिच्या फिक्या कालवणाला पथ्याचं पाणी म्हणायची. उन्हाळ्यात तिकडं सगळे गच्चीवर झोपतात. तेव्हाच एकदा तिनं मला विचारलं होतं, “हिंदी खानूम, दर महिन्याला एक दिवस तू जेवत नाहीस आणि रात्री दिवा घेऊन वर येतेस. काय करतेस?” मी तिला सगळं सांगितलं होतं. संकष्टी म्हणजे काय, पोरांसाठी दिवसभर उपास कसा करायचा, चंद्र उगवला की त्याला ओवाळून मगच कसं जेवायचं. ती म्हणाली होती, “मग तुझा चंद्र आळशी आहे. फार उशिरा येतो.”

त्या अख्ख्या गावात हे एकाच बाईला ठाऊक होतं. आणि गेले कित्येक दिवस ती माझ्याकडं आली नव्हती. नान आणायला जायची तर माझ्या दारावरून न जाता मागच्या गल्लीनं जायची.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आली, तशी मी खालून अंगणातनं सुरू झाले.

“काढ, काढ! कपडे काढ आणि घड्या घाल. माझ्या घराची घडी मोडलीस, आता तुझी नीट घाल! बरं झालं ना? पोराला बढती मिळणार आता. माझ्या नवऱ्याच्या जिवावर!”

ती भिंतीशी आली. खाली बघून म्हणाली, “हिंदी खानूम, आत जा. आवाज रस्त्यावर जातोय.”

“जाऊ दे की! रस्त्यालाही कळू दे. माझ्या ताटातलं खाल्लंस, माझ्या हातचं लोणचं चाटलंस आणि चुगली करून आलीस?”

“आत जा,” ती पुन्हा म्हणाली. ‘मी सांगितलं नाही’ असं काही ती म्हणाली नाही. तेच माझ्या डोक्यात बसलं. निर्दोष माणूस आधी ‘मी नाही’ म्हणतो. ही म्हणते, आवाज रस्त्यावर जातोय.

संध्याकाळी भिंतीवर एक झाकलेलं वाडगं दिसलं. आत आश, म्हणजे डाळ-पालेभाजी-शेवया घालून केलेलं त्यांचं घट्ट सार. मी झाकण काढून वास घेतला, हबीबनं पंचारतीचा घेतला होता तसाच. आणि सगळं गटारात ओतलं. काय ठाऊक, काय कालवलं असेल.

*

ह्यांना शाळेतल्याच एका वर्गात ठेवलं होतं. फार विनवण्या केल्यावर एकदाच भेटू दिलं. फळ्यावर पोरांची गणितं तशीच होती. हे लहान पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणतात, मी नदीपलीकडच्या दुश्मनांना खुणा केल्या. पहाऱ्यावरची दोन पोरं मारली गेली ना, वच्छा.”

ती पोरं मेल्याचं मला ठाऊक होतं. लव्हाळ्यात त्यांची प्रेतं दोन दिवसांनी सापडली, म्हणून गावभर काळे झेंडे लागले होते. तसे झेंडे त्या वर्षी उतरलेच कधी नाहीत म्हणा.

“तिसरा हबीब होता त्यांच्याबरोबर,” हे म्हणाले. “तो वाचला. तो सांगतो, होडीनं माणसं आली त्याआधी आपल्या घरांच्या रांगेवर उजेड वरखाली होताना दिसला. त्या उजेडाच्या रोखानं ती होडी आली.”

“कुठल्या दिवशी?”

“दी महिन्याच्या सत्तावीस तारखेला.”

“म्हणजे आपली कुठली तिथी?”

“तिथी मला काय विचारतेस? मी रात्रपाळीला होतो. कारखान्यात घड्याळ असतं, तिथी नसते.”

मी मनात मोजायला गेले. पण त्यांचे महिने सूर्याचे, आपले चंद्राचे, आणि दिनदर्शिका तर हबीब घेऊन गेलेला. पौषातली संकष्टी साधारण त्याच सुमाराला झाली होती. त्या दिवशी धूळ होती, चंद्र लालसर दिसला होता, हे आठवत होतं. ती सत्तावीस होती की सतरा, देव जाणे.

“हे बघ,” ह्यांनी माझं मनगट धरलं. “मी सांगितलंय, आमच्या गच्चीवर उजेड कधीच नव्हता. तूही तेच सांग. पाया पडतो तुझ्या.”

“देवाला ओवाळलं ते ओवाळलं नाही म्हणून सांगू? पोरांच्या नावानं केलेलं?”

“देव समजून घेईल. ही माणसं घेणार नाहीत.”

“आणि मासुमे? ती उभी राहून सांगेल की, ही दर महिन्याला वर जाते. मग खोटारडे कोण ठरतील?”

हे फळ्याकडं बघत म्हणाले, “मग कसंही कर. पण एक सांगतो, तू बोललीस की समोरचा माणूस चिडतो. तेवढं करू नकोस.”

*

खटल्याच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला काळ्या चादरी घेतलेल्या बायका. मीही डोक्यावरनं चादर घेतली होती, पण माझ्याशेजारच्या बायका सरकून बसल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसेल एवढी जागा मोकळी राहिली. मासुमे माझ्या मागच्या रांगेत होती. मी वळून बघितलं नाही. तिचा गुडघा कुरकुरतो तो आवाज मला न बघताही ओळखता येत होता.

हाकिम, म्हणजे न्याय देणारे, काळी पगडी घातलेले एक मौलवी होते. त्यांना पडसं झालं होतं. समोर चहाचा ग्लास, हातात रुमाल.

आधी हबीब उभा राहिला. मला वाटलं होतं पोपटासारखा बोलेल. पण त्याचा आवाज फुटत नव्हता.

“आम्ही तिघं होतो. मी, रझा आणि करीम. रझा म्हणाला, बघ, कॉलनीवर कसला उजेड दिसतोय, कमी-जास्त होतोय. मी म्हटलं, असेल काही. मी उठून बघायला गेलो नाही. त्यानंतर थोड्या वेळानं होडी आली.” त्यानं बाहीला नाक पुसलं. “ह्यांच्याच घरावर होता. ही बाई दर महिन्याला गच्चीवरून उजेड दाखवते, हे मला पक्कं माहीत आहे. बाईच्या डोक्यातनं हे कशाला निघेल? सांगणारा नवराच.”

इतक्या वेळात पहिल्यांदा मला त्याचा खरा राग आला. बाईच्या डोक्यातनं कशाला निघेल म्हणे!

हाकिमांनी ह्यांना विचारलं. हे उभे राहिले आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, “आगा, आमच्या गच्चीवर उजेड नव्हता. कधीच नव्हता.”

“बायको कुठे आहे?”

मी उभी राहिले. हे माझ्याकडं बघत होते. तसं बघताना मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, धाकट्याला घटसर्प झाला होता तेव्हा.

“तुम्ही गच्चीवर दिवा नेता?”

नाही म्हणायचं मी रात्रभर घोकलं होतं. पण जिभेवर आलं ते तेच. “नेते. दर महिन्याला नेते. त्यात लपवायचं काय?”

पुरुषांच्या बाजूनं एकदम गलका उठला. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

“कुणाला दाखवता?”

“चंद्राला.”

कुणीतरी हसलं. हाकिम हसले नाहीत. “चंद्र तुम्हाला काय देतो?”

“देत काही नाही. माझी दोन पोरं समुद्रापलीकडं सासूजवळ आहेत. दिवसभर उपाशी राहायचं, चंद्र वर आला की ओवाळायचं, पोरांना सुखी ठेव म्हणायचं आणि मग जेवायचं. आमच्याकडं तेच करतात. तुम्हीसुद्धा रमजानचा चंद्र बघायला गच्चीवर चढता. तेव्हा मी कधी विचारायला आले का, की खुणा कुणाला करताय?”

माझ्या शेजारची बाई आणखी सरकली. हाकिमांनी रुमाल नाकाला लावला, आणि त्याच्या आड ते काय करत होते ते मला दिसलं नाही.

“कोणत्या रात्री जाता?”

“पौर्णिमा झाली की चंद्र उशिरा उशिरा यायला लागतो. त्यातल्या चौथीला.”

“दीच्या सत्ताविसाला गेला होतात?”

“तुमच्या तारखा मला कळत नाहीत, आगा. चौथ असेल तर गेले असणार. मी एकही चुकवलेली नाही.”

“कबूल केलं!” हबीब ओरडला. “आगा, तिनं कबूल केलं! नवरा म्हणतो उजेड नव्हता, बायको म्हणते होता!”

मग मला कळलं, मी काय करून बसले ते. ह्यांच्या खोटेपणावर मी माझ्या हातानं शिक्का मारला होता. हाकिमांनी चहाचा ग्लास बाजूला सारला. त्या इंजिनिअरच्या वेळीही असाच सारला होता, असं लोक सांगायचे. मला त्याची आरामखुर्ची दिसायला लागली, बाजारात रस्त्यावर ठेवलेली, कुणीही येऊन बसून बघावं अशी.

पाठीमागं गुडघा कुरकुरला.

“आगा, मला बोलायचंय.”

“तुम्ही कोण?”

“हबीबची आई.”

“तुम्हाला साक्षीला बोलावलं होतं?”

“नाही बोलावलं. म्हणून तर उभं राहावं लागलं.”

“मादर, खाली बस,” हबीब म्हणाला.

माझ्या मनात आलं, झालं. पोरगा कमी पडला म्हणून ही उठली. आता माझं कुंकू पुसूनच खाली बसणार.

मासुमे म्हणाली, “आगा, दीची सत्तावीस म्हणजे आपल्या सफर महिन्याची अठ्ठावीस. पैगंबरांच्या निधनाची रात्र.”

“बरोबर.”

“त्या रात्री चंद्र कुठं असतो?”

हाकिमांनी तिच्याकडं नीट बघितलं. “पहाटेपर्यंत उगवत नाही. उगवला तरी नखाएवढा.”

“ही बाई चंद्र वर आल्याशिवाय दिवा काढत नाही. पाच वर्षं मी बघतेय. गेल्या रमजानात कद्रच्या जागरणाच्या रात्री तोंडावर आल्या होत्या तेव्हा मी गच्चीवर नमाजाला होते, ही तिच्या गच्चीवर चंद्राची वाट बघत होती. मी दिवसभर उपाशी, तीही उपाशी. माझ्याआधी मी तिला पाणी दिलं, तर घेतलं नाही. म्हणे, अजून आला नाही. आमचा महिना मध्यावरून उतरणीला लागला की हिची ती रात्र येते. महिना संपताना कधी आलेली नाही.”

हाकिम बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. पुरुषांच्या बाजूचे एक-दोन म्हातारेही मोजायला लागले.

“आणि त्या रात्री ही तिच्या गच्चीवर नव्हती,” मासुमे म्हणाली. “माझ्या अंगणात होती. माझ्या नवसाची मोठी डेग चुलीवर होती त्या रात्री. गोड केशरी भाताची. दिवे लागल्यापासून भांडी घासून होईपर्यंत ही माझ्या अंगणात होती. ढवळायला सगळ्यांत जास्त वेळ हीच उभी राहिली, आणि माझं केशर कमी पडलंय म्हणून सगळ्या बायकांसमोर मला बोललीसुद्धा.”

“खरं आहे?” हाकिमांनी मला विचारलं.

“ती रात्र होय!” माझ्या तोंडून निघालं. “मग तारीख कशाला सांगता? डेगेची रात्र म्हणायचं की! होते ना मी तिथं. आणि केशर कमीच होतं.”

आता मात्र बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. मागून एक म्हातारी उठून म्हणाली, “मीही होते, आगा.” मग तिची सून उठली.

हबीब तसाच उभा होता. “पण उजेड मी बघितला,” तो म्हणाला. “मी खोटं बोलत नाही. रझानं दाखवला. मी बघितला, मादर.”

“बघितलास,” ती म्हणाली. “तो माझा होता.”

तो तिच्याकडं बघत राहिला.

“लाकडं ओली होती. धरत नव्हती. मग मी खजुराच्या वाळल्या झावळ्या आणून चुलीत कोंबल्या. एक कोंबली की भडका भिंतीच्या वर जायचा, मग बसायचा. पुन्हा एक कोंबायची. आपल्या आणि हिच्या घरात भिंत एकच आहे, हबीब. नदीवरून काय कळणार, कुणाचं अंगण ते?” ती थांबली. चादरीची कड तिनं दातांत धरली होती ती सोडली. “नवस तुझाच होता. तू पहाऱ्यावरून सुखरूप घरी यावास म्हणून.”

हाकिमांचा रुमाल हातातच राहिला.

मग मासुमे त्यांच्याकडं वळून म्हणाली, “उजेडासाठी कुणाला धरायचं असेल, आगा, तर मला धरा. ह्या बाईकडं नुसती जीभ आहे.”

हबीब मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

हाकिमांनी बाजूला सारलेला चहाचा ग्लास पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाले, “नवसाच्या चुलीवर मी खटला चालवत नाही.” आणि ह्यांच्याकडं बघून, “तुम्ही मात्र ह्या जागेवर उभे राहून खोटं बोललात.”

“भ्यालो होतो, आगा,” हे म्हणाले.

“बायको भ्याली नाही.”

“ती कशालाच भीत नाही. तोच तर माझा घोर आहे.”

हाकिमांनी सांगितलं, माणूस निर्दोष आहे, पण कोर्टात खोटं बोललेल्या परदेशी माणसाला इथं ठेवता येणार नाही. आठवड्याच्या आत देश सोडा. ह्यांनी इतक्या वेळा मान हलवली की मीच त्यांना कोपरानं ढोसलं.

*

शाळेच्या फाटकाशी मी मासुमेला गाठलं. हे मागून येत होते, हातात परत मिळालेला ट्रान्झिस्टर.

“एक विचारू?” मी म्हटलं. “हबीबला दिव्याचं कुणी सांगितलं?”

“मी.”

मी थांबले. ती थांबली नाही, म्हणून मला पुन्हा चालायला लागावं लागलं.

“तो म्हणाला, आई, त्या परदेशी बाईकडं जाऊ नकोस, ह्या लोकांच्या मनात काय असतं कळत नाही. मी म्हटलं, हिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. दर महिन्याला उपाशी राहते, चंद्राला दिवा दाखवते आणि पोरांची नावं घेते. तुझी बाजू घेत होते मी.”

“मग मी अंगणातनं शिव्या देत होते तेव्हा हे का नाही सांगितलंस?”

“कारण मलाही तुझा संशय होता.” ती एवढं सरळ बोलली की मला राग यायलाही वेळ लागला. “पोरगा रात्री झोपेत ओरडतो. दोन जण मेलेत. मी म्हटलं, चंद्राचं ती सांगते खरी, पण मी कुठं तिच्या मनात शिरून बघितलंय? घरात तो काही बोलत नव्हता. उजेड त्याच रात्री, डेगेच्या रात्री दिसला, ते मी आज पहिल्यांदा ऐकलं.”

“संशय होता, तर आश कशाला पाठवलास?”

“संशय आहे म्हणून उपाशी ठेवायचं?”

तो आश मी कुठं ओतला, हे मी तिला सांगितलं नाही.

कोपऱ्यावरच्या भट्टीसमोर बायकांची रांग होती. बातमी आमच्याआधी पोचली होती. गेले कित्येक दिवस ह्याच बायका मला बघून चादरी ओढून घ्यायच्या. आज त्यांनी माझ्याकडं बघितलं, एक-दोघींनी मानही हलवली. आणि मासुमे जवळून जायला लागली तशा एकेक करून भट्टीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. एकीनं ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, “सख्ख्या पोराला भर सभेत खाली बघायला लावलं. परकीसाठी.”

मासुमेनं पाऊल थांबवलं नाही. मी मात्र थांबले.

“ए! तोंड इकडं कर,” मी म्हटलं. “भट्टीला काय सांगतेस? मला सांग! तुझ्या घरातल्यानं खोटं-खरं न बघता दुसऱ्याचा नवरा फासावर चढवला असता तर तू काय केलं असतंस? नान खाल्ला असतास, नान! हिनं खरं सांगितलं. तुझ्यात दम असेल तर आधी तेवढं कर आणि मग पाठ फिरव. आणि ती नवसाचा भात वाटेल तेव्हा वाडगं घेऊन पहिली येणारी तूच असतेस, बघितलंय मी तुला!”

“वच्छा,” मागून हे म्हणाले. “अगं, आत्ता सुटलोय.”

भट्टीवाला लाकडी फावडं हातात धरून माझ्याकडं बघत राहिला होता आणि आत त्याचा नान करपल्याचा वास येत होता. मासुमे पुढं गेली होती. मी धावत जाऊन तिला गाठलं. तिनं माझा दंड धरला आणि तिच्या गुडघ्याचं निम्मं ओझं माझ्यावर टाकलं. तशाच आम्ही गल्लीत शिरलो.

तिच्या दारात हबीबचे बूट होते. चिखलानं भरलेले, एक उलटा पडलेला, जसे काही कुणी पायातनं झटकून टाकले असावेत. आतून काही आवाज येत नव्हता.

“मी येऊ आत?” मी विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “तू घरी जा. नवऱ्याला जेवायला घाल.”

तिनं भिंतीला हात टेकून खाली वाकायला बराच वेळ घेतला. उलटा पडलेला बूट सरळ केला, चादरीच्या टोकानं दोन्हींवरचा चिखल पुसला, टाचा जुळवून ते जोडीनं भिंतीशी लावले. मग स्वतःच्या चपला त्यांच्या शेजारी काढल्या, आत गेली आणि दार लावून घेतलं.